काठी, सोटा आणि शिलेली

इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत आयर्लंडचा एखादा शेतकरी आला, की बहुधा त्याच्या हातात ‘शिलेली’ असते. कोशात पाहावे तर ‘सोटा’ किंवा ‘दंडुका’ असा अर्थ मिळतो, आणि विद्यार्थी तेवढ्यावर समाधान मानून पुढे जातो. अर्थ म्हणून तो खोटा नव्हे. परंतु कोशातील पर्याय हे एका कुटुंबातील भावंडांसारखे असतात. आडनाव एक असले तरी प्रत्येकाचा स्वभाव निराळा. एकाच्या जागी दुसऱ्यास उभे केले, की वाक्याची फजिती होते. ‘आजोबा दंडुका घेऊन देवदर्शनास निघाले’ असे कोणी लिहिले, तर देवळातील मंडळी पळत सुटतील. तेव्हा ह्या लाकडी कुटुंबाची थोडी चौकशी करावी, आणि ती आपल्या बीदर-कलबुर्गीकडील मराठीच्या अंगाने करावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम पाहुण्याचा परिचय. आयर्लंडच्या विक्लो परगण्यात शिलेली नावाचे एक गाव आहे. त्या भागातील ओकची अरण्ये एके काळी प्रसिद्ध होती, आणि त्या गावावरूनच सोट्यास हे नाव पडले असे पुष्कळ लोक मानतात. परंतु हा सोटा बहुधा ओकचा नसून एका काटेरी रानझुडपाचा करीत. मुळाजवळची गाठ तशीच ठेवून फांदी तोडावयाची, म्हणजे एका टोकास आपोआप मूठ तयार होते. मग तिला लोणी किंवा चरबी चोपडून धुराड्यात कित्येक महिने ठेवीत. धुराने ती काळी व चकचकीत होई, आणि सावकाश वाळल्यामुळे तडकत नसे. आपल्याकडे बांबूच्या लाठीस तेल पाजतात त्यामागील हिशेब हाच आहे. लाकूड घाईने वाळले की फुटते, ही गोष्ट दोन्हीकडच्या खेडुतांस सारखीच ठाऊक. काही जण गाठ पोखरून तीत वितळलेले शिसे ओतीत. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत तेथील जत्रांमध्ये दोन तट सोटे घेऊन एकमेकांवर तुटून पडत, आणि त्यात माणसे मरतही. आंध्रातील कर्नूल जिल्ह्यात देवरगट्टू येथे विजयादशमीच्या रात्री अशीच काठ्यांची झुंज होते व दरवर्षी अनेकांची डोकी फुटतात. परंपरेचे नाव असले तरी आम्हांस तिचे कौतुक वाटत नाही.

खुद्द आयरिश भाषेत काठीस साधा शब्द आहे ‘बाता’, आणि काठीच्या झुंजीस ‘बातारख्त’ म्हणतात. येथे एक सावधगिरीची सूचना देतो. ‘बाता’ ऐकताच एखाद्या चतुर विद्यार्थ्यास आपला ‘बडगा’ आठवेल, आणि आयरिश व मराठी ह्या बहिणी असल्याचा शोध तो वर्गात जाहीर करील. दोन्ही भाषा दूरच्या नात्याने एकाच मोठ्या कुळातील आहेत, हे खरे. पण नाते ठरवावयाचे ते नियमित ध्वनिबदलांवरून, एका शब्दाच्या नादावरून नव्हे. ‘बडगा’चा जवळचा सोबती शोधावयाचा तर तो आपल्या शेजारीच आहे. कन्नडात ‘बडि’ म्हणजे मारणे, बडविणे, आणि ‘बडिगे’ म्हणजे सोटा. भालकीच्या बाजारात उभे राहून दोन्ही शब्द एका दमात ऐकावयास मिळतात. त्यासाठी आयर्लंडला जावे लागत नाही.

आता आपले घर पाहू. मराठीत शब्दाचा स्वभाव ओळखण्याची उत्तम खूण म्हणजे तो कोणत्या क्रियापदाशी संसार करतो ते पाहणे. काठी टेकतात, टेकवतात, रोवतात. ती चालणाऱ्याची सोबतीण आहे. मारावयासही ती उपयोगी पडते, पण ते तिचे मुख्य काम नव्हे. म्हणून ‘म्हातारपणाची काठी’, ‘आंधळ्याची काठी’ हे प्रयोग झाले. ‘म्हातारपणाचा सोटा’ असे कोणी म्हणत नाही. लाठी चालवितात आणि उगारतात. मराठीत हा शब्द व्यायामशाळेचा आणि पोलिसांचा झाला आहे: ‘लाठीकाठी’ हा खेळ, ‘लाठीमार’ हा प्रसंग. 30 ऑक्टोबर 1928 रोजी लाहोरास लाला लजपतराय जखमी झाले ते लाठीमारात. तेथे ‘काठीमार’ लिहिले तर वाक्य पांगळे होते. हिंदीत ज्याची लाठी त्याची म्हैस असते. मराठी माणूस तोच विचार सांगताना लाठी बाजूस ठेवतो आणि ‘बळी तो कान पिळी’ म्हणतो.

सोटा हाणतात. तो जाड, भरीव आणि निःसंकोच असतो. ‘सोट’ म्हणजे लांब, सरळ व जाड लाकूड; वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातील ‘सोटमूळ’ हा शब्द त्याच घरचा, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. दंडुका आखूड, तो आपटतात किंवा बगलेत धरतात, आणि त्याच्यापासून ‘दंडुकेशाही’ निघाली. बडगा प्रत्यक्ष हातात फारसा दिसत नाही, तो वर्तमानपत्रांत ‘दाखवितात’ किंवा ‘उगारतात’. कायद्याचा बडगा सर्वांस माहीत, लाकडाचा बडगा कोणी पाहिलेला नसतो. ‘टक्केटोणपे खाणे’ ह्यातील टोणपा हासुद्धा मुळात आखूड जाड सोटाच. छडी बारीक, लवचिक आणि शाळेतली. ओल्या झाडाची ताजी तोडलेली ती फोक किंवा शिमटी. गुराख्याच्या हातात शोभते. टिपरी खेळावयाची, किंवा वाद्यावर वाजवावयाची. दांडा स्वतंत्र नसतो, तो कशाचा तरी असतो: कुऱ्हाडीचा, फावड्याचा, छत्रीचा. त्याच्याच पोटी दांडी, दांडके, दांडू जन्मले. दांडगा आणि आडदांड हेही त्याच गोतातले. शाळेस न सांगता ‘दांडी मारणाऱ्या’ विद्यार्थ्यांस व्याकरणाचा हा भाग आधीच अवगत असेल.

आता सांगा, शिलेलीस मराठीत काय म्हणावे? चालताना तिचा आधार घेतात, म्हणून ती काठी. गाठीने डोके फोडतात, म्हणून ती सोटा. आमच्या मते ‘गाठीचा सोटा’ हा पर्याय त्यातल्या त्यात जवळचा. प्रवासवर्णनात मात्र ‘गाठीची काठी’ म्हटलेले बरे. प्रवाशास उगाच दरोडेखोर करू नये.

ह्या सर्वांचा संस्कृत आजोबा म्हणजे ‘दंड’. आणि त्याची कथा सांगण्याचा अधिकार आपल्या भागास इतरांपेक्षा अधिक आहे. दंड म्हणजे काठी. राजाच्या हाती काठी, म्हणून दंड म्हणजे शिक्षा. शिक्षा पैशांत घेतली, म्हणून दंड म्हणजे रक्कम. नाहक भरावा लागला तर भुर्दंड. काठीप्रमाणे भुईवर सरळ पडून केलेले वंदन ते दंडवत. ज्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, सहाव्या विक्रमादित्याचे राज्य 1076 पासून 1126 पर्यंत चालले, तेथेच विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या खटल्यांत ह्या टीकेचा आधार विसाव्या शतकापर्यंत न्यायालये घेत आली. त्या स्मृतीत मारहाणीच्या गुन्ह्यास नाव आहे ‘दंडपारुष्य’, म्हणजे काठीचा कठोरपणा, शिवीगाळीस ‘वाक्पारुष्य’. हाताने मारले काय किंवा शस्त्राने मारले काय, नाव मात्र काठीचे. चालुक्यांच्या कोरीव लेखांत ‘दंडनायक’ हे मोठ्या अधिकाऱ्याचे पद वारंवार येते. कन्नडात कोणी फुकटचा अधिकार गाजवू लागला, तर ‘कोणत्या दोण्णेनायकाची परवानगी हवी?’ असे विचारतात. दोण्णे म्हणजे सोटा. आणि हा दोण्णेनायक त्या जुन्या दंडनायकाचेच लोकांनी केलेले रूप असे सांगतात. सेनापतीचा सोटेवाला झाला! पदे जातात आणि त्यांची थट्टा उरते, हे शब्दांच्या इतिहासात पुष्कळदा आढळते.

त्याच दंडाचे दुसरे, शांत रूप अफझलपूर तालुक्यात पाहावयास मिळते. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूरचे श्रीनृसिंहसरस्वती हे दंडधारी संन्यासी होते. संन्याशाचा दंड कोणावर उगारावयाचा नसतो. तो स्वतःवरील नियमनाचे चिन्ह असतो. एकच वस्तू राजाच्या हाती एक अर्थ देते आणि यतीच्या हाती दुसरा. तिसरीकडे, सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी संक्रांतीच्या यात्रेत कुंभारकन्येच्या विवाहाचा सोहळा होतो. त्या यात्रेत मिरविणाऱ्या सात उंच नंदीध्वजांस लोक सरळ ‘काठ्या’ म्हणतात. कन्नड बोलणारे भाविक तशाच ध्वजास ‘नंदीकोलु’ म्हणतात. कोलु म्हणजे काठी.

ह्या ‘कोलु’पाशी थोडे थांबले पाहिजे. आमच्याकडे ज्या टिपऱ्या, त्या शेजाऱ्यांकडे कोलाट. साप मरावा पण काठी मोडू नये, ही म्हण कन्नडातही आहे; तेथे काठीच्या जागी कोलु असते. जुन्या कन्नड लेखांत शेत मोजण्याच्या काठीस ‘कोलु’ किंवा ‘गळे’ म्हटले आहे, आणि शिवकालीन मराठी मोजणीत पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी, अशा वीस चौरस काठ्यांचा एक पांड व वीस पांडांचा एक बिघा होई. दोन राज्ये, दोन भाषा, पण भुईचे माप काठीनेच. विटी-दांडू खेळताना आपण विटी ‘कोलतो’. त्या खेळास शेजारी ‘चिन्निदांडु’ म्हणतात, म्हणजे दांडू तेथेही दांडूच राहिला. वेत आणि ‘बेत्त’ हे तर सख्खे. दोन्ही संस्कृत ‘वेत्र’पासून आलेले. मात्र उच्चार जपावा. ‘बेत्त’ म्हणजे वेत आणि ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. ‘गुरुजींनी बेट्टाने मारले’ असे म्हणणाऱ्यास जिवंत पाहून ऐकणारा आश्चर्य करील.

दख्खनीचेही देणे आहे. ‘चोब’ म्हणजे फारसीत लाकूड, काठी. ती धरणारा चोबदार, आणि मराठी ओठांवर तो चोपदार झाला. आज पंढरीच्या वारीतही चोपदाराशिवाय चालत नाही. गुलबर्गा व बीदर ह्या बहमनी राजधान्यांतून असे किती शब्द खेड्यापर्यंत पोचले, त्याची गणतीच नाही.

मुसळाची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगताना आम्हांस विशेष आनंद होतो. विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर ह्याने सुमारे 1129 मध्ये कल्याणीत ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, अशी नोंद आहे. ज्ञानेश्वरीच्या दीडशेहून अधिक वर्षे आधीची ही नोंद. म्हणजे मराठी ओवीचा एक अत्यंत जुना उल्लेख आजच्या बीदर जिल्ह्यात, एका कन्नड राजाच्या संस्कृत ग्रंथात, मुसळाच्या सोबतीने आला आहे! कन्नडात मुसळास ‘ओनके’ म्हणतात. चित्रदुर्गाच्या किल्ल्यावर हैदरअलीचे सैनिक भिंतीतील एका फटीतून एकेक करून शिरू लागले, तेव्हा पहारेकऱ्याची पत्नी ओबव्वा हिने हातातील मुसळाने त्यांस लोळविले, असे परंपरा सांगते. तेव्हापासून ती ‘ओनके ओबव्वा’. घरातील मुसळ शस्त्र झाले आणि स्त्रीच्या नावास कायमचे चिकटले.

पण मुसळ आज किती घरांत आहे? पिठाची गिरणी आली, वाटणयंत्र आले, आणि उखळ अंगणाच्या कोपऱ्यात पाणी साठविण्यापुरते उरले. वस्तू गेली तर जावो, तिच्यासाठी कोणी कांडीत बसावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ‘उखळात डोके घातल्यावर मुसळाची भीती कशाला’ किंवा ‘मुसळ केरात’ ह्या म्हणी ज्याने मुसळ पाहिलेच नाही त्यास कशा कळाव्यात? तो त्या पाठ करतो, गुण मिळवितो, आणि त्यांतील चित्र त्याच्या डोळ्यांपुढे कधीच उभे राहत नाही. जमीन ठोकून बसविण्याचा धुम्मस आणि संस्कृत मुद्गरापासून झालेली मोगरी ह्यांचीही तीच गत आहे. ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ ही म्हण अद्याप तगली आहे, कारण कुऱ्हाड अद्याप आहे. कुऱ्हाडीच्या लाकडी दांड्यामुळेच लाकडाच्या कुळाचा नाश होतो ह्या अर्थाची म्हण कन्नडातही आहे.

मुद्गराचाच दुसरा वंशज व्यायामशाळेतील मुद्गल. एकोणिसाव्या शतकात इंग्रज सैनिकांनी तो येथे पाहिला, हलका करून मायदेशी नेला, आणि युरोप-अमेरिकेत ‘इंडियन क्लब’ म्हणून त्याचे वर्ग निघाले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिक सामन्यांत तो फिरविण्याची स्पर्धादेखील झाली. शिलेलीने इंग्रजी कोशात जागा मिळविली ती भांडखोर म्हणून. आमच्या मुद्गलाने मिळविली ती तालीमबाज म्हणून. एवढा अभिमान क्षम्य असावा.

भांडखोर हा शिक्का मात्र आयर्लंडवर अन्यायाने बसला. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी व्यंगचित्रांत आयरिश माणूस म्हणजे फाटका कोट, माकडासारखे तोंड आणि हातात शिलेली. जी काठी घेऊन शेतकरी बाजारास जाई, तीच त्याच्या अडाणीपणाची खूण ठरविली गेली. आणि त्याच काळात आयरिश शाळांत आणखी एक काठी होती, तिची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ऐकावी. तिचे नाव ‘बाता स्कोर’. लहान मुलाच्या गळ्यात दोरीने एक काठी अडकवीत. मूल आयरिश शब्द बोलले की काठीवर एक खाच पाडावयाची. सायंकाळी खाचा मोजून तेवढी शिक्षा. शाळेत इंग्रजी यावी, म्हणजे मुलगा अमेरिकेत पोट भरील, ह्या काळजीने आईबापही घरी खाचा पाडीत. वेल्समध्येही मुलांच्या गळ्यात असाच लाकडी तुकडा बांधीत. एकोणिसावे शतक संपेपर्यंत आयरिश ही बहुसंख्य लोकांची घरची भाषा राहिली नाही. 1937 च्या राज्यघटनेने तिला पहिल्या राजभाषेचा मान दिला. परंतु घटना मुलांच्या ओठांवर शब्द ठेवू शकत नाही, आणि तेथील शाळांस ते काम आजही कष्टाने करावे लागते.

आपल्याकडे कोणाच्या गळ्यात काठी नाही. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर व निलंगा तिकडे मुंबई राज्यात गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद इकडे म्हैसूर राज्यात राहिले, आणि 1973 पासून त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. तेव्हापासून येथील मराठी मूल घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दख्खनी बोलते. तीन भाषा येणे ही श्रीमंती आहे. तथापि हेच मूल पुण्यास किंवा लातुरास शिकावयास गेले आणि त्याच्या बोलण्यात एखादा कोलु, एखादा बडिगे आला, की वर्गात हसू पिकते. आणि इकडे कन्नडात बोलताना मराठी वळण डोकावले, तरी हसू पिकते. खाच दिसत नाही, पण ती पडते. मूल बोलणे कमी करते, मग लिहिणे कमी करते, आणि एके दिवशी आजीच्या शब्दांची त्यास लाज वाटू लागते.

ह्यावर आमचे मत स्पष्ट आहे. प्रबंध लिहिताना प्रमाण मराठीत ‘काठी’ लिहावी, कारण तो प्रबंध कोकणातल्या परीक्षकासही कळला पाहिजे. परंतु आजीचे बोलणे लिहिताना तिच्या तोंडी तिचाच शब्द ठेवावा. शुद्धीकरणाच्या उत्साहात तो पुसून टाकणारा शिक्षक हातात काठी न घेताही खाच पाडीत असतो. उलट परभाषेचा शब्द केवळ ऐट म्हणून वाक्यात रोवणाऱ्याचेही आम्ही कौतुक करणार नाही. ‘माझ्या हातात शिलेली होती’ असे औरादच्या मुलाने लिहावे, ह्यात विद्वत्ता नाही.

शाळेतील छडीविषयी दोन शब्द. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला आणि त्याच्या 17 व्या कलमाने मुलांस शारीरिक शिक्षा करण्यास मनाई केली. छडी शाळेतून कायद्याने गेली. शब्द मात्र जाणार नाही. तो आता जादूगाराच्या हातात सुखाने नांदतो. जादूची छडी असते, जादूची काठी क्वचित, आणि जादूचा सोटा तर मुळीच नाही.

राहिली पांढरी काठी. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील जेम्स बिग्ज ह्या गृहस्थाची अपघातात दृष्टी गेली. रस्त्यावरील वाहनचालकांस आपण दिसावे म्हणून त्याने 1921 मध्ये आपली काठी पांढरी रंगविली. अंध व्यक्तीच्या स्वतंत्र संचाराची ती खूण पुढे जगभर झाली, आणि 15 ऑक्टोबर हा दिवस तिच्या नावाने पाळतात. मराठीने तिच्यासाठी शब्द निवडताना लाठी, सोटा, दंड, छडी हे सर्व पर्याय हाताशी असूनही एकासही जवळ केले नाही. ती काठीच राहिली. कारण ती टेकतात.